लघुग्रह आदळण्याची शक्यता आधी वाढते आणि मग एकदम शून्यावर का येते?

यात आकडेमोडीची चूक नसते. नवा लघुग्रह सापडतो तेव्हा हाती असतं काय, तर अर्ध्याएक तासात टिपलेल्या तीन-चार छायाचित्रांत ताऱ्यांच्या मानाने सरकणारा एक ठिपका. त्यावरून काढलेली कक्षा ढोबळच. काही वर्षांनी तो कुठे असेल हे लाखो किलोमीटर लांबीच्या अरुंद पट्ट्यानेच दाखवता येतं. पृथ्वी त्या पट्ट्यात येत असेल, तर तिने व्यापलेला पट्ट्याचा हिस्सा म्हणजे साधारण धडकेची शक्यता.

निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो, पृथ्वी मात्र तेवढीच राहते. म्हणून टक्केवारी चढते. मग पट्ट्याचं टोक पृथ्वीवरून सरकलं की कोसळते. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेल्या २०२४ वायआर४ चं हेच झालं. २०३२ मधल्या धडकेची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ला ३.१ टक्क्यांवर गेली आणि आठवडाभरात नगण्य झाली. (क्वचित उलटंही होतं: सुमारे ४ मीटरचा २००८ टीसी३ सापडल्यावर २० तासांत सुदानवर फुटला.)

लघुग्रह दूर जाऊन अंधूक झाला की अडचण होते. तेव्हा तो जुन्या छायाचित्रांत शोधतात. धडकेच्या कक्षेनुसार जिथे दिसायला हवा तिथे नसला, तरी ती कक्षा बाद होते!

आकाराचा आकडा मात्र जपून घ्या. तो चकाकीवरून काढतात, आणि पृष्ठभाग ५ टक्के प्रकाश परतवतो की २५, यावर व्यास दुपटीहून जास्त बदलतो.