उचल घेऊन स्लॅब टाकू नका, ताई

प्रश्न : आम्ही धारूर तालुक्यातले. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातो. यंदा प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं, 1 लाख 20 हजार. जागा सासऱ्यांच्या नावे आहे. सध्या पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सातजण राहतो. मुलगी दहावीला आहे, कपडे बदलायलाही तिला शेजारी जावं लागतं. गवंडी म्हणतो, एकदाच 500 फुटांचं जोतं घ्या. कमी पडतील तेवढे पैसे मुकादम हंगामाच्या मजुरीवर उचल म्हणून आगाऊ द्यायला तयार आहे. घ्यावी का?
— एक भगिनी, जि. बीड

उत्तर : नका घेऊ, ताई. मी औसा तालुक्यात आयुष्यभर ग्रामसेविका होते. जोत्यावर गज उभे आहेत, त्यांना गंज चढलाय, मधे बाभळी उगवल्यात आणि घरची माणसं शेजारी पत्र्यातच राहतात, अशी घरकुलं मी गावोगाव पाहिली. बहुतेकांचं कारण एकच होतं. जोतं हौसेचं घेतलं आणि पैसा त्यातच जिरला. हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर मिळतो. भिंत लिंटलला, म्हणजे दारा-खिडकीच्या वरच्या पातळीला, गेली नाही तर पुढचा हप्ता अडकतो, मग उरलेल्या कामासाठी माणूस मुकादमाकडे जातो. ही उचल तुम्हा दोघांना फेडायची आहे. आजारपणात खाडे पडले की बाकी अंगावर राहते आणि पुढचा हंगामही आधीच विकला जातो.

योजनेत किमान 25 चौरस मीटर घर लागतं, म्हणजे साधारण 270 चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. तेवढंच बांधा. सातजणांना ते पुरत नाही, हे मला कळतं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर किल्लारी भागात नवी गावं बसताना मी जवळून पाहिली. तिथे जमिनीच्या मापाने घर मिळालं, भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. तो हिशेब मला तेव्हाही सलला, आजही सलतो. मजुराच्या घरात काय माणसं कमी असतात? पण भोवती मोकळी जागा सुटलेली होती, म्हणून पुढे लोकांनी त्याच घरांना खोल्या जोडल्या. तुम्हीही घर जागेच्या मधोमध न घेता एका कडेला घ्या.

त्या पहाटे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, माती झोपलेल्या माणसांवर आली. म्हणून गवंड्याला एक गोष्ट बजावून सांगा. लिंटलच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा गेला पाहिजे, नुसता दारा-खिडकीवर नको. हे काम चालू असताना स्वतः उभ्या राहा.

आता जागेचं. सासऱ्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला असेल, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. दिरांना समोर बसवून सासऱ्यांकडून तुमच्या यजमानांच्या नावे बक्षीसपत्र करून घ्या आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. भावाभावांत गोडी आहे तोवरच हे होतं. घरकुल मात्र दोघांच्या नावे असू द्या, तशी योजनेत तरतूद आहे.

पैशांचं म्हणाल तर योजनेचे 1 लाख 20 हजार 2016 पासून तेवढेच आहेत. सिमेंट, गज आणि गवंड्याची मजुरी कुठे गेली ते तुम्ही जाणताच. ही रक्कम वाढली पाहिजे, असं मी दर ग्रामसभेत बोलत आले. तोवर जे हक्काचं आहे ते सोडू नका. रोजगार हमीतून स्वतःच्या घरावरच्या कामाची 90 दिवसांची मजुरी मिळते. त्यासाठी हजेरीपट सुरू झाल्याशिवाय कामाला हात लावू नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं घर उभं राहिलं तरी मजुरी बुडाली, कारण कचेरीत कुणी त्यांचा हजेरीपट काढलाच नव्हता.

पाडव्याला परत आल्यावर बांधू, असंही मनात आणू नका. धारूरच्या डोंगरात चैत्र-वैशाखात प्यायला पाणी नसतं, भिंतीवर मारायला कुठून आणणार? पोळ्याच्या सुमारास जोतं भरा आणि ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत भिंती वर घ्या. मागे राहणाऱ्या सासऱ्यांना हप्त्यासाठी बांधकामाचे फोटो कधी आणि कसे काढतात ते दाखवून ठेवा.

शौचालयाचे 12 हजार वेगळे मिळतात. त्यालाच लागून न्हाणी काढा, आतून कडी लागेल असं दार बसवा. स्लॅबला उशीर झाला तरी चालेल, पण हे दार मुलीची परीक्षा यायच्या आत बसू द्या.