१७ कोटी रोजगार की ४५ वर्षांतील सर्वाधिक बेरोजगारी: वादात कोणता आकडा खरा मानावा?

आपण विचारले आहे की, घरातल्या राजकीय वादात एक भाऊ ‘दहा वर्षांत १७ कोटी रोजगार वाढले’ असे सांगतो, दुसरा ‘बेरोजगारी ४५ वर्षांतील उच्चांकावर गेली’ असे सांगतो, तर यांपैकी खोटे कोण बोलतो? मी नाशिकमध्ये सातपूर-अंबड भागातल्या लहान कारखान्यांचे भविष्य निर्वाह निधीचे काम पाहतो, त्यामुळे हे दोन्ही दावे निवडणुकीच्या दिवसांत सतत कानावर पडतात. दोन्ही आकडे अधिकृत माहितीतूनच आलेले आहेत. मात्र कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत मोजले आणि काम कशाला म्हटले, या दोन गोष्टी दोन्ही बाजू सोयीस्करपणे सांगत नाहीत.

१७ कोटींचा दावा रिझर्व्ह बँकेच्या केएलईएमएस (भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) या माहितीसंचावर आधारलेला आहे. त्यानुसार देशात काम करणाऱ्यांची संख्या २०१४-१५ मध्ये ४७.१५ कोटी होती आणि २०२३-२४ मध्ये ती ६४.३३ कोटी झाली. पण त्याच माहितीसंचात २०१७-१८ चा आकडा ४७.५ कोटी आहे. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत जेमतेम ३५ लाखांची भर पडली आणि बाकी जवळजवळ सगळी वाढ पुढच्या सहा वर्षांत झाली, ज्यात कोरोनाची टाळेबंदीही येते. दुसऱ्या भावाचा ४५ वर्षांचा दावा ज्या ६.१ टक्के बेरोजगारीवर उभा आहे, ती याच २०१७-१८ ची, म्हणजे रोजगार आणि बेरोजगारी मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षाची. तो अहवाल रखडला, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले आणि लोकसभेचा निकाल लागल्यावर, ३१ मे २०१९ रोजी, अहवाल प्रसिद्ध झाला. अहवाल असा रखडवणे माझ्या मते अत्यंत अयोग्य होते. तरीही हे सांगायला हवे की, या सर्वेक्षणात कुटुंबे निवडण्याची पद्धत बदललेली होती, त्यामुळे जुन्या सर्वेक्षणांशी थेट तुलना करताना सावध राहावे लागते. आणि २०२३-२४ मध्ये हाच दर ३.२ टक्के होता, हे न सांगता आजही ६.१ टक्क्यांचाच आधार घेणे प्रामाणिक नाही.

मग बेरोजगारी निम्म्यावर आली, असे मानायचे का? इथे काम कशाला म्हटले आहे, हे पाहावे लागते. निफाड तालुक्यातला एखादा पदवीधर मुलगा वर्षभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असेल आणि उन्हाळ कांद्याच्या काढणीपासून चाळ भरेपर्यंत त्याने वडिलांना शेतात महिनाभर मदत केली असेल, तर वार्षिक अहवालात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या मोजणीत तो रोजगार असलेला ठरतो, मग त्याच्या हातात एक रुपयाही पडलेला नसो. वर्षभरात दुय्यम स्वरूपाचे ३० दिवसांचे काम त्यासाठी पुरते. व्याख्या जुनीच आहे, ती कोणत्याही एका सरकारने आपल्या फायद्यासाठी घडवलेली नाही, आणि शेतीप्रधान देशात तिला अर्थही आहे. परंतु कुटुंबाच्या शेतात किंवा धंद्यात विनामोबदला मदत करणाऱ्यांचा काम करणाऱ्यांतील वाटा २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये १९.४ टक्के झाला. याच काळात नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आला. महिलांचा श्रमशक्तीतील सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या महिलांचे प्रमाण, २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला, ही मला मोलाची गोष्ट वाटते, कारण त्यांचे शेतातले राबणे निदान मोजले तरी जाऊ लागले. पण ती वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली आहे, आणि तिला नव्या नोकऱ्या म्हणणे चूक आहे.

सरकारी बाजू २००४ ते २०१४ या दशकात केवळ २.९ कोटी रोजगार वाढल्याचे सांगते, तेव्हाही शेती वेगळी काढून पाहावी. त्या दशकात शेतीतील रोजगार १६ टक्क्यांनी घटला, तर २०१४ ते २०२३ मध्ये १९ टक्क्यांनी वाढला, असे केंद्रीय श्रम मंत्रालयानेच जानेवारी २०२५ मध्ये मांडले. शेतीतली माणसे बाहेर पडून बांधकामासारख्या कामांकडे जाणे हे एरवी प्रगतीचे लक्षण मानले जाते. इथे मात्र माणसे शेतीत परत येणे यशाच्या बाजूला लिहिले गेले. दुसरीकडे, २०१४ पूर्वीच्या सरकारलाही २००९-१० चे सर्वेक्षण अडचणीचे वाटले होते आणि ते दुष्काळी वर्ष असल्याचे कारण देऊन २०११-१२ मध्ये ते पुन्हा घेण्यात आले. नको असलेल्या आकड्याला आक्षेप घेण्याची सवय एकाच पक्षाची नाही.

भविष्य निर्वाह निधीचे मासिक आकडे तर भाषणांत सर्रास वापरले जातात. माझ्या कामातला नेहमीचा प्रकार सांगतो. एखाद्या वर्कशॉपमध्ये १७ कामगार वर्षानुवर्षे काम करत असतात. आणखी तिघे घेतले की संख्या २० होते, कायदा लागू होतो आणि ज्यांचे आधी खाते नव्हते ते सगळेच त्या महिन्यात नवे सदस्य म्हणून नोंदले जातात. कामगारांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, त्यांना निधी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. पण नोकऱ्या तीनच निर्माण झाल्या. औपचारिक नोंदणी किती वाढली हे सांगायला ही आकडेवारी उत्तम आहे, रोजगारनिर्मिती मोजायला अपुरी आहे.

म्हणून पुढच्या वेळी दोन्ही भावांना २०१७-१८ आणि २०२३-२४ हीच दोन वर्षे घेऊन पगारदार, स्वयंरोजगारित, विनामोबदला मदतनीस आणि रोजंदारीवरचे, असे चारही वाटे समोर ठेवायला सांगा. नाशिकपुरते बोलायचे तर २०२३-२४ पर्यंतच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या अहवालांत आकडे राज्यपातळीपर्यंतच दिलेले आहेत. जिल्ह्यात अमुक हजार रोजगार आले, असे उमेदवार सांगत असेल, तर ते सामंजस्य करारातले अपेक्षित रोजगार आहेत की प्रत्यक्ष हजेरीपटावरची माणसे, हे त्याला तिथेच विचारा.