नाताळात आईबाबांना घेऊन इटलीतली दिव्यांनी सजलेली छोटी गावं बघायची आहेत. चार दिवसांत किती होतील?

दोन. त्याहून जास्त केलीत तर दिव्यांपेक्षा रेल्वे स्टेशनंच जास्त बघून याल.

पहिलं मनारोला, इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं समुद्राकाठचं गाव. मी मिलानला नोकरीला होतो तेव्हा गेलो होतो. जवळच्या ला स्पेत्सिया शहरातून पॅसेंजरने दहाएक मिनिटं लागतात. भरदुपारी पोचलो तर टेकडीवरच्या द्राक्षमळ्यांत नुसत्या काठ्या, तारा आणि भंगार! म्हटलं, एवढ्यासाठी आलो? पाच वाजून गेले, अंधार पडला आणि त्याच भंगारातून मेंढपाळ, मेंढरं, कोळी उजळून निघाले. मारिओ आंद्रेओली या रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचा हा उद्योग. १९६१ साली एका क्रॉसपासून सुरू झाला, वाढत वाढत तीनशेच्या आसपास आकृत्या आणि पंधरा हजारांवर दिवे झाले. आता तर सगळं सौरऊर्जेवर चालतं. देखावा येशूजन्माचा, पण त्यात कोळीही हजर; मला आपला दिवाळीतला किल्ला आठवला. तिथे नाही का मावळ्यांच्या शेजारी प्लास्टिकचा ट्रॅक्टर उभा असतो!

दुसरं मध्य इटलीतलं गुब्बियो. खरं तर हे गाव नव्हे, छोटं शहरच. मागच्या इंजिनो डोंगराच्या उतारावर १९८१ पासून दिव्यांचं झाड रेखाटतात, उंची साडेसहाशे मीटरच्या वर. ते खालूनच बघा, लांबून पाहिलं तरच झाड दिसतं. स्टेशन मात्र गावात नाही. फोस्सातो दि विकोला उतरून बस धरावी लागते. मनारोलाहून जाण्यात एक दिवस मोडतो, मधे फ्लोरेन्सला मुक्काम टाका.

आता तारखा. गुब्बियोचं झाड ७ डिसेंबरला लागतं, मनारोलाचे दिवे ८ ला. त्यानंतरच्या आठवड्यात, शनिवार-रविवार टाळून जा. २५ ला अजिबात नको. मी नेमका त्याच दिवशी गेलो होतो. गाड्या मोजक्या, खानावळींना कुलूप, आणि परतीच्या गाडीसाठी समुद्राच्या वाऱ्यात दीड तास कुडकुडत बसलो. हिवाळ्यात मनारोलातली बरीच हॉटेलं बंद असतात, म्हणून राहायला ला स्पेत्सियाच बरं.

आईबाबांना गुडघ्याचा त्रास आहे का? मनारोलात चढ आणि पायऱ्या, त्यात दगड ओले. चांगली पकड असलेले बूट घ्या. आणि चहाचा थर्मास घरूनच न्या. संध्याकाळी सहानंतर तिथे काही उघडं मिळेल याच्या भरवशावर राहू नका.