कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर दिल्याने उत्पादकता खरोखर वाढते का?

वाढते, पण सरासरी वाढ माफक असते आणि ती केवळ शेअर वाटल्याने होत नाही. हजार जणांच्या कंपनीत एखाद्याने जास्त मेहनत केली, तरी त्यातून वाढलेल्या नफ्याचा साधारण हजारावा हिस्साच त्याच्या वाट्याला येतो; म्हणून निव्वळ आर्थिक प्रोत्साहन फार दूर पोहोचत नाही. खरा फरक पडतो तो मालकीसोबत निर्णयांत सहभाग आणि हिशेबाची खुली माहिती मिळाल्यावर, कारण मग सहकारीच एकमेकांच्या कामाकडे लक्ष देऊ लागतात, सुधारणा सुचवतात आणि अनुभवी माणसे नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण घटते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 1987 मध्ये नेमके हेच नोंदवले होते: अशा योजनांचा स्वतंत्र परिणाम फारसा दिसला नाही, मात्र कर्मचाऱ्यांना व्यवस्थापनात सहभागी करून घेणाऱ्या कंपन्यांची उत्पादकता सुधारली.

जोखीमही गंभीर आहे. 2001 मध्ये एनरॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी बुडाली, तेव्हा निवृत्तीची बचत कंपनीच्याच शेअरमध्ये असलेल्या अनेक कर्मचाऱ्यांची नोकरी आणि ती बचत एकाच वेळी गेली. म्हणून हे शेअर पगाराच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या बदल्यात नव्हे, तर त्यांच्या जोडीला दिले जावेत, असे माझे ठाम मत आहे.