लोडबरोबर घड्याळ भरकटतंय? आधी एवढं बघ

भावा, उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या जुन्या लिनक्स पीसीचं घड्याळ प्रोसेसरवरचा लोड (कामाचा भार) बदलला की चुकतं, हे तू नीट टिपलंस. निम्मं काम तिथंच झालं. मदरबोर्डवरचा सेल बदलत बसू नकोस, तो फक्त मशीन बंद असताना वेळ सांभाळतो.

खरा संशय टीएससीवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काउंटरवर. जुन्या प्रोसेसरमध्ये तो कोअरच्या वेगानंच मोजतो. वीज वाचवायला वेग निम्मा झाला की मोजणीही निम्मी, आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो बदल कळला नाही की वेळ घसरलीच. नव्या प्रोसेसरमध्ये तो एकाच गतीनं चालतो.

- नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपी थोडा वेळ बंद ठेव. तो चूक झाकतो.
- प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर (म्हणजे वेग कमी होऊ न देता) ठेवून तासभर मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघ.
- घसरण थांबली तर क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कशावरून मोजतो ते, बघ. टीएससी असेल तर एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम हे दुसरे टायमर लाव. वाचायला हळू आहेत, पण प्रोसेसरचा वेग बदलला तरी ढळत नाहीत.

एका वेळी एकच बदल कर, हे फार महत्त्वाचं. आणि बूट ऑप्शनमध्ये 'टीएससी रिलायेबल' टाकायची घाई नको. त्यानं कर्नल टीएससीवर ठेवतो ती नजरच बंद होते. कर्नलचा लॉग पाठव, पुढचं तेव्हा बघू.