आधी ताळेबंद घेऊन खाली जा

*ताई, नेरुळला सिडकोच्या जुन्या चारमजली सोसायटीचा मी सचिव. हल्ली कुणी कामाला पुढे येत नाही. मीटिंगमध्ये सगळे 'चालेल' म्हणतात नि घरी जातात. पाण्याची मोटर तळमजल्यावरच्या काकूंच्या दाराशी आहे. वर्षानुवर्षं त्याच ती चालू-बंद करायच्या. आता टाकी भरून जिन्यात पाणी आलं तरी दार उघडत नाहीत. (रंगकामाच्या खर्चावरून फार प्रश्न विचारायच्या, म्हणून नव्या ग्रुपवर त्यांना घेतलं नाही.) अशा आडमुठ्यांना वठणीवर कसं आणायचं? – सचिव, नेरुळ*

तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य एकच, आणि ते तुम्ही कंसात टाकलंत.

जुन्या ग्रुपवरून काकूंना काढलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून गाजावाजा न करता नवा ग्रुप काढलात. पाणी किती वाजता येणार, कपात कधी, हे सगळं आता तिथेच येत असणार. ज्या बाईला पाण्याची वेळसुद्धा कळवत नाही, तिने तुमची मोटर सांभाळायची? मला तुमचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

काकू आडमुठ्या नाहीत. 2007 मध्ये मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही प्रयोग प्रसिद्ध केले. 'तुझ्यासोबत काम करायला कुणी तयार नाही' किंवा 'पुढे आयुष्यात तू एकटा पडशील' असं काहींना खोटंच सांगितलं. मग त्यांच्यासमोर पेन्सिली सांडल्या. या मंडळींनी इतरांपेक्षा कमी पेन्सिली उचलून दिल्या, मदतनिधीलाही कमी पैसे दिले. तेही प्रयोगापुरतं, खोटंखोटं डावललं तर! काकूंना तर रोज जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांनी डावललंय.

आणि बाकीचे? त्यांनी सगळं पाहिलंय. बाहेर काढलं जाण्याच्या धाकाने लोक वर्गणी भरतात, मान डोलावतात. धाकाने सहकार्य वाढतं, हेही प्रयोगांत दिसलंय. पण तुमच्या मीटिंगमधलं 'चालेल' त्याच धाकातलं आहे. प्रश्न विचारला की काय होतं ते कळल्यावर कोण कशाला पुढे येईल?

शिवाय काकूंनी मागितलं ते हक्काचंच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 प्रमाणे शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं कोणताही सभासद फुकट पाहू शकतो.

तेव्हा येत्या रविवारी ताळेबंद आणि रंगकामाची बिलं घेऊन तुम्ही स्वतः खाली जा. वॉचमनला पाठवू नका. जाण्याआधी काकूंना ग्रुपवर घ्या आणि त्यांना वगळलं ही चूक माझी, असं सगळ्यांदेखत तिथेच लिहा. मग त्यांच्यासमोर बसा आणि त्या विचारतील त्या प्रत्येक रुपयाचा हिशोब द्या, दुपार गेली तरी चालेल.

मोटरचा विषय अजिबात काढू नका. त्यासाठी टाकीला ऑटोमॅटिक सेन्सर बसवून घ्या, आणि त्याचं कोटेशन आलं की पहिलं काकूंना दाखवा.