नंबर लावायचा की बोली? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खरिपात युरियासाठी कृषी केंद्रापुढे पहाटेपासून नंबर लागतात. लोक चपला, विटा ठेवून जागा धरतात. भाव मोकळा केला तर रांग आपोआप संपेल, असे काही जण म्हणतात. खरे आहे का? (मौदा तालुका)

उत्तर : रांग संपेल. बॅग कोणाच्या शेतात जाईल, हा त्यापुढचा प्रश्न.

४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खरी किंमत याच्या कितीतरी पट आहे आणि फरक सरकार कंपन्यांना भरून देते. वस्तू इतकी स्वस्त ठेवली की राहिलेली किंमत दुसऱ्या वाटेने वसूल होते. दोन बॅगांसाठी दिवस मोडला आणि त्या दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली, तर बॅग ४६६ रुपये ५० पैशांना पडली. वरचे २०० रुपये ना दुकानदाराला मिळाले ना सरकारला, ते वायाच गेले. त्यात लिंकिंग आले, म्हणजे युरिया हवा तर नको असलेली दुसरी बाटलीही घ्या, की भाव वाढलेलाच असतो. फक्त युरियाच्या पावतीवर तो दिसत नाही.

तरी भाव सरसकट मोकळा करा, असे आम्ही म्हणणार नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बियाणे आणि मजुरीने हात रिकामा झालेला असतो. जास्त बोली लावणाऱ्याची गरज जास्त, हा हिशेब खिसे साधारण सारखे असतील तरच जमतो. मार्टिन वाइट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हे गणिताने मांडले : गरजांमध्ये फरक मोठा आणि उत्पन्नात लहान असेल तर भावाने वाटप बरे, उत्पन्नाची दरी मोठी आणि गरज सारखीच असेल तर समान वाटप बरे. त्याने भावासमोर तोलले होते ते रेशनसारखे समान वाटप. रांग ही त्याहून निकृष्ट, कारण तिच्यात दिवसही जातो.

अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकून भाव सोडून द्यावा, हा मार्ग कागदावर चांगला आहे. प्लायवूडच्या गोंदासाठी जाणारा स्वस्त युरियाही त्याने थांबेल. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेल चोळणे सक्तीचे झाले, त्यामागे हेही एक कारण होते. अडते ते सातबाऱ्यावर. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठेक्याने शेती करणाऱ्याचे नाव त्यावर नसते, मग खत तो घालणार आणि अनुदान मालकाच्या खात्यात.

तोवर दुकानापुरता उपाय टोकनचा. दुकानातल्या विक्रीच्या मशीनवर अंगठा, नोंद आणि बिल यांना माणशी ४ मिनिटे धरली तर एक मशीन ८ तासांत १२० जणांना माल देते. साठा ४०० बॅगांचा, माणशी दोन, म्हणजे २०० टोकन : आज १२०, उद्या ८०, प्रत्येकावर तास लिहिलेला. दोनशे एकव्याला सकाळीच घरी पाठवता येते. साठा आणि भाव लिहिलेला फलक लावणे दुकानदाराला बंधनकारक आहेच. टोकन वाटण्याआधी त्यावरचा आकडा मशीनमधल्या साठ्याशी जुळवून घ्या. अंगठा न उमटणारे वयस्क दर वेळी निघतातच, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसाचा शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवा.

प्रश्न : जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवरील सामन्याच्या तिकिटासाठी पैसे देऊन रांगेत माणूस उभा करणे गैर आहे का? (धरमपेठ)

उत्तर : तुम्ही स्वतः उभे राहिला असता तरी मागच्याचा नंबर तोच असता, तेव्हा एका माणसामागे एकच तिकीट असेल तर त्याचे नुकसान नाही. पण भाड्याने माणूस मिळतो म्हटले की जे एरवी आलेच नसते तेही रांगेत येतात, आणि एकेकाने चार तिकिटे काढली की तो सरळ ब्लॅकच. जागा विकता येऊ लागली की रांग हाही बाजारच होतो. फरक इतकाच की पैसा आयोजकाकडे न जाता मधल्याकडे जातो.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या ४० फ्लॅटच्या स्कीमला टँकर मागवावा लागतो. आधी मोटर लावेल त्याला पाणी, असे चालते. वाटप कसे करावे? (बेसा)

उत्तर : ही रांगसुद्धा नाही, मोठ्या टाकीची दादागिरी आहे. पाण्याचा पहिला भाग गरजेचा आणि पुढचा हौसेचा, म्हणून दोन नियम लावा. टँकर १०,००० लिटरचा, दर १,२०० रुपये आणि रहिवासी १३० धरू. माणशी ६० लिटर प्रमाणे ७,८०० लिटर सर्वांचे. उरलेले २,२०० लिटर २५ पैसे लिटरने विका, त्याचे ५५० रुपये येतील. बाकी ६५० रुपये १३० जणांत वाटले की माणशी ५ रुपये पडतात. सरसकट वाटले असते तर ९ रुपये २३ पैसे पडले असते. जास्तीच्या पाण्यावर झुंबड उडाली तर पुढच्या आठवड्यात दर वाढवा, पाणी उरले तर कमी करा. वाटा फ्लॅटवार ठेवू नका, माणशी ठेवा. दोघांच्या घराला आणि सहा जणांच्या घराला सारखे पाणी दिले की भांडण ठरलेले.

मोजणी एवढी कठीण नाही. गच्चीवर प्रत्येकाची वेगळी टाकी असेल तर मोटरच्या वर चढणाऱ्या पाइपावर एकच मीटर बसवा, एका वेळी एकच वॉल्व्ह उघडा आणि आधीचे-नंतरचे रीडिंग वहीत लिहा. चौघांच्या घराला २४० लिटर झाले की वॉल्व्ह बंद. टँकर पूर्ण भरलेला नसला किंवा सम्पच्या (जमिनीखालच्या टाकीच्या) तळाशी पाणी राहिले तर तूट शेवटच्या टाकीवर येते आणि मोटर हवा ओढू लागते. म्हणून वाटपाचा क्रम रोज एका फ्लॅटने पुढे सरकवा आणि जास्तीचे पाणी सर्वांचे वाटे भरल्यावरच सोडा.

प्रश्न : मुंबईचे तत्काळ तिकीट क्षणात संपते. त्यापेक्षा सगळेच प्रीमियम तत्काळ का करत नाहीत? (महाल)

उत्तर : स्लीपरला तत्काळचे जादा शुल्क १०० ते २०० रुपयेच आहे, त्यामुळे खरी निवड बोटांच्या वेगावर होते. एसीचे बुकिंग आदल्या दिवशी सकाळी १० ला आणि स्लीपरचे ११ ला उघडते. जुलै २०२५ पासून आधार पडताळणी लागते आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. यामुळे दलाल मागे पडतात. ज्याला खरेच उद्या निघायचे आहे तो पुढे येईलच असे नाही. प्रीमियममध्ये जागा भरत जातात तसा दर चढतो, तेव्हा पैसेवाल्याला जागा हमखास आणि पैसा रेल्वेला. सगळा कोटा तसा केला तर दवाखान्यासाठी निघालेला मजूर बाहेर राहील, म्हणून दोन्ही थोडे थोडे ठेवणे आम्हाला पटते. तुमच्यापुरते सांगायचे तर दुरंतोसारखी नागपूरहूनच सुटणारी गाडी आधी बघा, हावड्याकडून येणारी नंतर. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा जाणे पक्के असेल तरच काढा.